आधी गाठीशी, मग वर्गात

थायलंडहून सुट्टीला आल्यापासून मला सोलापुरात दोनच प्रश्न विचारले जातात. पगार किती, आणि तिकडे साप खातात म्हणे, ते खरं का. पगाराचा आकडा सांगितला की माणसं भुवया उंचावतात आणि त्याच घटकेला मनातल्या मनात बॅग भरायला घेतात. पण पहिला पगार हातात पडेपर्यंत तिथं कसं जगायचं, हे विचारणारं एकही माणूस अजून भेटलेलं नाही. जाण्याआधी मीही ते नीट विचारलं नव्हतं. म्हणून हे लिहिते आहे.

सोलापूर

मी गणित शिकवते. आमचं गाव सांगोल्याच्या बाजूला. वडील, म्हणजे आबा, मेंढरं राखतात आणि थोडी कोरडवाहू जमीन करतात. घरातली मी पहिली एम.एस्सी. विजापूर रोडवरच्या एका विनाअनुदानित शाळेत मी सहा वर्षं काढली. पगार चौदा हजार, तोही कधी दोन महिन्यांचा एकदम. संध्याकाळी शिकवण्या. लग्न झालेलं नाही, आणि त्याबद्दल घरात बोलणी थांबलेलीही नाहीत.

थायलंडच्या शाळांना इंग्रजीतून गणित शिकवणारी माणसं लागतात, हे मला एका जुन्या मैत्रिणीकडून कळलं. गावी जाऊन मी आबांना सांगितलं, तेव्हा ते मेंढरांच्या पायाचे खूर तपासत बसले होते.

"कुटं हाय ते?" त्यांनी विचारलं.

"बंगालच्या पलीकडं. इमानानं चार तास."

"किती लागत्याल?"

"दीड-दोन लाख तरी."

त्यांनी मान वर न करता सांगितलं, "पंदरा मेंढरं इकू. बाजार बरा हाय."

मी नको म्हटलं. आमच्याकडे बँकेत पैसे नसतात, ते चार पायांवर हिंडत असतात. पंधरा मेंढरं विकणं म्हणजे पुढच्या दोन वर्षांची कोकरं विकणं. शिवाय जायची हौस माझी होती. "माझं मी जमवते, आबा. दोन वर्सं लागतील," मी म्हणाले. "बग बाई," एवढंच ते बोलले आणि पुढचं मेंढरू ओढून घेतलं.

दोन वर्षं लागलीच. शिकवण्या वाढवल्या, खोली बदलून मैत्रिणीसोबत राहिले. एक लाख नव्वद हजार जमले. कागदपत्रांवरचे शिक्के, पोलिसांचा दाखला, विमानाचं तिकीट यांत पंचेचाळीस हजार गेले. पस्तीस हजार मी परतीच्या तिकिटासाठी म्हणून सोलापुरातल्या दुसऱ्या खात्यात वेगळे ठेवले आणि त्या खात्याचं कार्ड पाकिटाच्या आतल्या कप्प्यात घातलं. उरले एक लाख दहा हजार. मला वाटलं, आपण राणी आहोत.

ईशान्येकडे

एप्रिलच्या शेवटी बँकॉकला उतरले आणि तिथून रात्रभराच्या बसने उदोन थानीकडे गेले. सकाळी पडदा सारला आणि हसूच आलं. लाल माती, कोरडी भाताची खाचरं, मधूनच एखादं एकटं झाड, बांधावर उभ्या म्हशी. एवढा खर्च करून सांगोल्यालाच आले की काय! फक्त इथं प्रत्येक गावाला एक तळं होतं, आणि दर थोड्या अंतरावर सोनेरी शिखराचं बुद्धमंदिर.

माझं गाव उदोन थानीहून दोन तासांवर. आपल्या तालुक्याच्या ठिकाणाएवढं. बसथांब्यावर शाळेच्या समन्वयक आन बाई न्यायला आल्या होत्या. तिकडे शिक्षकाला ख्रू म्हणतात, म्हणून त्या ख्रू आन. हात जोडून वाकल्या. मीही वाकले. मग त्या आणखी वाकल्या, म्हणून मी आणखी वाकले. शेवटी त्यांनीच हसत माझी बॅग उचलली.

गाडीत त्यांनी गोड आवाजात एक गोष्ट सांगितली. मी पर्यटक म्हणून आले होते, कारण शाळेचे कागद वेळेत झाले नव्हते. आता कागद झाले की मी शेजारच्या लाओस देशात जायचं, तिथल्या थाई वकिलातीतून कामाचा व्हिसा आणायचा, मग परवाना काढायचा, आणि मग वर्गात पाऊल टाकायचं.

"आणि पगार?" मी विचारलं.

"वर्गात गेल्यापासून," त्या म्हणाल्या. "माय पेन राय."

माय पेन राय म्हणजे काही हरकत नाही. हे शब्द तिकडे दिवसातून शंभरदा ऐकू येतात. त्या दिवशी मला मात्र बरीच हरकत होती. येण्याआधीच्या मुलाखतीत मी वर्गात किती मुलं, पुस्तक कुठलं, फळा की पडदा, सगळं विचारलं होतं. पगार कुठल्या दिवसापासून धरणार, एवढंच विचारायचं राहिलं होतं.

पा नोईचं घर

खोली मिळाली ती पा नोईच्या घरामागे. पा म्हणजे मावशी. साठीच्या, ठेंगण्या, घरासमोर कच्च्या पपईच्या सलाडची गाडी लावणाऱ्या. भाडं महिना साडेतीन हजार बाट, आणि दोन महिन्यांचं डिपॉझिट. एका बाटला साधारण अडीच रुपये. पहिल्याच दिवशी सव्वीस हजार रुपये गेले. मग गादी, पंखा, पातेलं, जुनी सायकल. शाळेत पंजाबी ड्रेस चालत नाही म्हणून गुडघ्याखालचे स्कर्ट आणि बंद बूट.

पा नोईंना इंग्रजी येत नव्हतं, मला थाई. आम्ही फोनमध्ये बोलायचो आणि फोन भाषांतर करून द्यायचा. मी घरून कडक भाकरी आणि शेंगाची चटणी आणली होती. भाकरीचा प्रवासात चुरा झाला होता. संकोचत पुढे केली. पा नोईंनी चटणी चिमटीत घेऊन वास घेतला, जिभेवर ठेवली आणि मला हाताला धरून गाडीपाशी नेलं. त्यांच्या मातीच्या उखळात लसूण, मिरच्या आणि भाजलेले शेंगदाणे होते. त्यांनी मुसळानं ते ठेचले, पपईचा कीस टाकला, लिंबू पिळलं आणि वरून माझ्या भाकरीचा चुरा भुरभुरला. आम्ही दोघी पायरीवर बसून ते खाल्लं. बांबूच्या टोपलीतला चिकट भात त्या हातानं गोळे करून खात होत्या. हातानं जेवणारी माणसं बघून मला फार बरं वाटलं. तेवढं त्यांचं आंबवलेल्या माशाचं पाणी मला जमलं नाही. मटणावर वाढलेली पोरगी मी, पण त्या बरणीचं झाकण उघडलं की अंगणात जाऊन उभी राहायची.

शाळेत एक फिलिपिनो बाई होत्या, ग्रेस. इंग्रजी शिकवायच्या आणि आठ वर्षं तिथंच होत्या. माझ्याजवळ पैसे किती आहेत, हे त्यांनी पहिल्याच भेटीत सरळ विचारलं. मी सांगितलं. त्यांनी ओठ मुडपले.

"सगळं सुरळीत झालं तर पुरतील," त्या म्हणाल्या. "माझ्या वेळी झालं नव्हतं. मी दोन महिने नूडल्सवर काढले. घरी सांगितलं नाही."

"मग पुरावेत म्हणून काय करू?"

"आजपासून बाहेर कॉफी पिऊ नकोस."

मी हसले. त्या हसल्या नाहीत.

वियंतियान

मेच्या मध्यात कागद झाले. नोंग खाईपर्यंत बस, तिथून मेकाँग नदीवरच्या पुलावरून दुसरी बस, आणि पलीकडे लाओस. पुलावरून नदी दिसली तेव्हा मी उठून उभीच राहिले. तपकिरी, संथ आणि एवढी रुंद की उजनी धरणाचा फुगवटा आठवला. फक्त ही वाहत होती. लाओसमध्ये शिरायचा व्हिसा वेगळा, त्याचे पैसे वेगळे.

वियंतियान ही राजधानी आहे यावर विश्वास बसत नाही, इतकी निवांत. फ्रेंचांनी मागे ठेवलेला लांबट पाव सगळीकडे मिळतो. मधे चिरून त्यात अंडं, कोथिंबीर, मिरची भरतात. मी दोन्ही वेळा तोच खाल्ला, कारण तो स्वस्त होता. संध्याकाळी नदीकाठी लोक व्यायाम करत होते. कर्ण्यावर गाणं लावून पन्नास-साठ बाया एका तालात हात हलवत होत्या. मी कडेला उभी राहून दोन-चार हात हलवले. कुणी वळूनही पाहिलं नाही, आणि ते फार मोकळं वाटलं.

सकाळी वकिलातीसमोर रांग. तेव्हा कागद स्वतः नेऊन द्यावे लागत. आता ते सगळं फोनवर झालंय असं ऐकते. खिडकीतल्या बाईंनी माझा पासपोर्ट आणि शाळेचं पत्र शेजारी शेजारी ठेवलं, आणि पेनानं एका जागी टकटक केलं.

"इथं तीन नावं आहेत. इथं दोन."

पासपोर्टवर माझं नाव, आबांचं नाव, मग आडनाव. शाळेच्या पत्रात आबांचं नाव नव्हतंच. मी समजावलं की आमच्याकडे मधलं नाव वडिलांचं असतं, माणूस एकच आहे. त्यांनी ऐकून घेतलं. चिडल्या नाहीत.

"असेल. पण पत्रातली ही बाई तुम्हीच, हे मी कशावरून म्हणू? नवं पत्र आणा."

पासपोर्ट परत मिळाला. पुलावरची बस यायला वेळ होता. मी फुटपाथवर बॅगेवर बसले आणि रडले नाही. वीस हजार रुपये या एका खेपेत गेले होते, आणि रडून त्यातला एकही परत येणार नव्हता.

जून

ख्रू आन यांनी दोन्ही हात जोडून माफी मागितली. नवं पत्र जिल्ह्याच्या शिक्षण कार्यालयातून यायचं होतं. तीन आठवडे, कदाचित जास्त. शाळा सुरू झाली होती. माझे वर्ग दुसरे शिक्षक वाटून घेत होते आणि वैतागत होते. एके दिवशी ख्रू आन यांनी मला बाजूला घेऊन हळूच सांगितलं, "महिन्याअखेर परवान्याचं काही झालं नाही, तर मुख्याध्यापक दुसरं कुणीतरी बघतील. मला वाईट वाटतं."

मी पैसे मोजले. तेरा हजार रुपये. पुन्हा लाओसला जायला वीस लागणार. भाड्याचा दिवस जवळ आला होता.

पा नोईंना मी फोनमधून सांगितलं की या महिन्याचं भाडं उशिरा दिलं तर चालेल का. त्यांनी फोन तोंडाजवळ धरून बराच वेळ बडबड केली. फोन मराठीत म्हणाला, "तुमचे पैसे माझ्या घरात झोपलेले आहेत. एक महिना त्यांना उठवू." मला कळायला जरा वेळ लागला. डिपॉझिटमधून भाडं कापून घेते, असं त्या सांगत होत्या. मग त्यांनी भाताची टोपली माझ्या पुढ्यात सरकवली. त्याचं भाषांतर करावं लागलं नाही.

त्याच आठवड्यात आबांचा फोन आला. ते मेंढरं घेऊन रानात होते, मागे घंट्या वाजत होत्या.

"आवाज का आसा येतोय तुजा?"

"काय न्हाय. ऊन लागलंय."

"आपल्या हितल्या पोरीला तितलं ऊन लागतंय व्हय? पैशे सपलं का?"

आबांशी खोटं बोलायला मला कधी जमलेलं नाही. मी सगळं सांगितलं. पत्रात त्यांचं नाव राहून गेलं, तेही.

"माजं नाव न्हाय म्हनून परत लावली?" त्यांना त्यातच जास्त गंमत वाटली. मग आवाज बदलला. "मंग काईच न्हाय का तुज्याकडं?"

"परतीच्या तिकिटाचे हायत. पस्तीस हजार. त्याला हात लावायचा न्हाय, आसं ठरवलंय."

"परत येनार हायस का?"

"न्हाय."

"मंग त्याला परतीचं कशाला म्हनतीस?"

तेच पुढे म्हणाले, "मी धा मेंढरं इकतो बग."

"आबा, नको. त्यासाठीच दोन वर्सं थांबले की मी."

"मेंढरं काय परक्याची हायत व्हय? तुजीबी हायतच की." ते रागावले होते. लहानपणी मी कुंपणाचं दार उघडं टाकलं की रागवायचे, तसे. मग जरा शांत होऊन म्हणाले, "बरं, न्हाय इकत. पर उपाशी ऱ्हाऊ नगं. उपाशी ऱ्हायलीस आसं कळलं, तर तुला न इचारता इकीन."

फोन ठेवल्यावर मी आतल्या कप्प्यातलं कार्ड काढलं. हे पैसे गेले की मागे फिरायचा रस्ता उरत नाही, हे मला स्वच्छ कळत होतं. ग्रेसना सांगितलं, तर त्या म्हणाल्या की तू वेडी आहेस, परतीच्या पैशाला कुणी हात लावत नाही. थोड्या वेळानं म्हणाल्या की त्यांनीही लावला होता.

दुसऱ्या दिवशी मी सायकल काढली आणि जिल्ह्याच्या कार्यालयाला जाणारी बस पकडली. पत्र टपालानं येण्याची वाट बघायची नाही, असं ठरवलं होतं. तिथल्या बाकावर मी बसून राहिले. दुपारी जेवायला सगळे उठले, मी बसून राहिले. संध्याकाळी एक कारकून माझ्यासाठी थंड पाणी घेऊन आला आणि म्हणाला, उद्या या. उद्या गेले. पुन्हा बसले. माझ्या डब्यात चिकट भात आणि शेंगाची चटणी होती, ती त्यानंही खाल्ली. त्या संध्याकाळी पत्र मिळालं. तिथल्या तिथे उभं राहून मी एकेक अक्षर पासपोर्टशी ताडून पाहिलं. सुवर्णा, बिरा, आडनाव. तिन्ही होती.

पुन्हा पूल

दुसऱ्या खेपेला मी नदीकडे बघायला उठले नाही. कागदांची पिशवी मांडीवर धरून बसले. खिडकीत त्याच बाई होत्या. त्यांनी पासपोर्ट आणि पत्र शेजारी ठेवलं, पेन उचललं, तिन्ही नावांवरून फिरवलं.

"हे वडील?" त्यांनी मधल्या नावावर पेन टेकवलं.

"हो."

"काय करतात?"

मला मेंढपाळाचा इंग्रजी शब्द पटकन सुचेना. मी हातानं मेंढरं हाकून दाखवली. रांगेतला एक गोरा माणूस हसला. त्या बाईही हसल्या, आणि शिक्का उचलला.

व्हिसाचा कागद दुसऱ्या दिवशी दुपारी मिळाला. मधल्या वेळात मी नदीकाठी गेले आणि त्या बायांच्या मागच्या ओळीत उभं राहून पूर्ण तासभर नाचले.

वर्ग

परवानाही झाला, आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यात मी वर्गात गेले. बेचाळीस मुलं उठली आणि एका सुरात म्हणाली, "गूड मॉर्निंग, टीचर!" पहिल्याच तासाला फळ्यावर बरोबर उत्तर लिहिणाऱ्या मुलीच्या डोक्यावर मी शाबासकीचा हात ठेवला, आणि वर्ग एकदम गप्प झाला. तिकडे डोकं पवित्र मानतात. दुसऱ्याच्या डोक्याला हात लावणं हा अपमान. मधल्या सुट्टीत ग्रेसनी सांगितलं तेव्हा मी धावत जाऊन त्या मुलीची माफी मागितली. ती म्हणाली, "माय पेन राय, टीचर." तेव्हा पहिल्यांदा ते शब्द मला आवडले.

जुलैच्या अखेरीला पगार झाला तेव्हा माझ्याकडे सगळे मिळून नऊ हजार रुपये उरले होते. मी पा नोईंचं डिपॉझिट पुन्हा भरलं, ग्रेसना बाहेर कॉफी पाजली आणि परतीच्या खात्यात पहिले दहा हजार टाकले. मार्चपर्यंत त्यात सत्तर हजार जमले.

गाव

सुट्टीला आले तेव्हा माझ्या जुन्या शाळेत गेले. शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांनी पगार विचारला. एका नव्या बाईंनी मात्र, त्या भूगोल शिकवतात, दारापर्यंत येऊन हळू आवाजात विचारलं, "मॅडम, खरं सांगा. मी ऐंशी हजार जमवलेत. जाऊ का?"

मी त्यांना स्पष्ट सांगितलं. आत्ता जाऊ नका. कागदपत्रं आणि जायचं तिकीट वगळून चार महिन्यांचा खर्च हवा, डिपॉझिट वेगळं, व्हिसाची खेप एक नाही, दोन धरायच्या, आणि परतीचे बाजूला. माझ्या हिशेबानं सगळे मिळून तीन लाख. एक लाख नव्वद हजारांत माझं निभावलं, कारण घरमालकीण पा नोई होती. प्रत्येकाला पा नोई भेटेल असं मी कशी म्हणू? त्यांचा चेहरा पडला. "अजून दीड-दोन वर्षं लागतील मग," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, लागू द्या. मलाही लागली होती. पण ठरवलं असेल तर थांबा आणि जमवा, सोडून देऊ नका.

मग गावी गेले. आबा मेंढरं घेऊन शेजारच्या गावच्या एका रानात बसले होते. आईनं दिलेली भाकरी घेऊन मी चालत तिथं पोचले. जेवून झाल्यावर त्यांना फोनवर फोटो दाखवले. पा नोई, शाळा, पूल, सुगीनंतरची मोकळी खाचरं. खाचरांच्या फोटोपाशी त्यांनी माझा हात धरला.

"एवडं गवत मोकळं? कोन चारत न्हाय?"

"म्हशी चारत्यात."

"मेंढरं?"

"तितं न्हाईत, आबा."

त्यांनी फोन स्वतःच्या हातात घेतला आणि तो फोटो बराच वेळ बघितला. मग, "पासपोर्ट काडाय काय काय लागतंय?" असं त्यांनी विचारलं. कुणाचा, ते मी विचारलं नाही.

दोन दिवसांनी चुलत भावावर मेंढरं सोपवून आबा माझ्याबरोबर एस.टी.नं सोलापूरला आले. स्टुडिओतल्या पोरानं त्यांना पांढऱ्या पडद्यासमोर बसवलं आणि म्हणाला, "काका, फेटा काढावा लागेल. पासपोर्टला चालत नाही."

मला वाटलं, आता उठतात. बाहेर, चार लोकांत, आबांना मी उघड्या डोक्यानं कधी पाहिलं नव्हतं. ते उठले नाहीत. मग दोन्ही हातांनी फेटा उतरवला, माझ्याकडे दिला, विरळ पांढऱ्या केसांवरून तळवा फिरवला आणि ताठ बसले.

"काड बाबा फोटू," ते म्हणाले. "लेकीच्या गावाला जायचं हाय."